नकाशावरचे अंतर आणि मालाचे अंतर

व्यापारी व कारागीर बंधूंनो, परगावच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की आपण आधी विचारतो, "किती किलोमीटर?" एवढ्यावर भाव सांगितला तर नफा वाटेतच संपू शकतो. आजच्या पाठासाठी आम्ही कॅनडाच्या अतिउत्तरेचे दोन विमानतळ घेतले आहेत : पश्चिमेला इनुविक आणि पूर्वेला इकालुइट.

१. सरळ अंतर : या दोन गावांत सुमारे ६५ रेखांशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशोबाने ७,२०० किलोमीटर होतील. पण ध्रुवाकडे जाताना रेखांश जवळ येतात. इनुविकच्या अक्षांशावर एक रेखांश जेमतेम ४१ किलोमीटरचा असतो. त्यामुळे खरे हवाई अंतर सुमारे २,८३० किलोमीटरच भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी लावू नये. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा.

२. वाटेचे अंतर : प्रवाशाला सहसा यलोनाइफ आणि रँकिन इनलेट असे टप्पे घेत जावे लागते. हे तीन टप्पे अंदाजे १,०९०, १,१४० आणि १,१७५, म्हणजे एकूण सुमारे ३,४०० किलोमीटर होतात. ५७० किलोमीटर इथेच वाढले.

३. वेळ : विमानाचा वेग ताशी ७५० किलोमीटर धरू. सरळ उड्डाणाला पावणेचार तास आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास, म्हणजे सव्वाचार तास. टप्प्यांच्या वाटेने उड्डाणाचे साडेचार तास, चढण्या-उतरण्याचा दीड तास आणि दोन थांब्यांचे दोन तास धरले तर आठ तास. पुढचे विमान त्याच दिवशी नसेल, तर मुक्काम वेगळा.

४. घड्याळ : इकालुइटचे घड्याळ इनुविकपेक्षा दोन तास पुढे आहे. सकाळी ८ ला निघालेला माणूस तिथल्या संध्याकाळी ६ ला उतरेल. येताना मात्र सकाळी ८ ला निघून दुपारी २ ला पोहोचेल. प्रवास दोन्हीकडे आठच तासांचा.

५. हंगाम : इकालुइटला बाहेरगावाहून येणारा रस्ताही नाही, रेल्वेही नाही. बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यात जहाजे येतात, तेव्हाच जड माल भरून ठेवावा लागतो; एरवी विमानाचे महाग भाडे. इनुविकला रस्ता आहे, पण वाटेतल्या नद्या उन्हाळ्यात फेरीबोटीने आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून ओलांडाव्या लागतात. बर्फ धरताना आणि फुटताना ही वाट बंद पडते.

याचे बोलके उदाहरण २०१० चे. इनुविकच्या मुसलमानांना मशीद हवी होती. तिथे बांधकाम फार महाग. म्हणून विनिपेगमध्ये तयार केलेली छोटी मशीद ट्रकवरून आणि पुढे नदीतून बार्जवर, ४,००० किलोमीटरहून अधिक वाट करून नेली. हंगामाची शेवटची बार्ज चुकली असती, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागले असते. वाट लांबची आणि संथ होती, पण परवडणारी होती.

म्हणून भाव सांगण्याआधी चार गोष्टी लिहून काढा : माल कोणत्या वाटेने जाणार, किती ठिकाणी उतरून चढणार, ती वाट कोणत्या महिन्यात बंद असते आणि उशीर झाल्यास खर्च कोणाचा. आपल्या मागच्या तीन ऑर्डरींना हा हिशोब लावून पाहावा, अशी आमची विनंती आहे.