मुहूर्त मनात ठेवा

कोलकात्याजवळच्या बजबजला बदली होऊन आलो तेव्हा गाडीची फारशी गरज भासली नव्हती. सियालदहची लोकल होती, आणि २०१९ साली महेशतळ्याचा संप्रीती उड्डाणपूल सुरू झाल्यापासून तारातळ्यापर्यंतचा रस्ताही पुष्कळ सुटला होता. मी तेल डेपोतला माणूस. क्वार्टर ते डेपो स्कूटर पुरायची. पण २०२३ च्या पावसाळ्यात आईचं पत्र आल्यासारखा फोन आला : "दसऱ्याला येते. एकदा दक्षिणेश्वर दाखव." आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे कामातून गेलेले. साताऱ्याहून एवढ्या लांब येणार, तिला लोकलच्या गर्दीत कसं न्यायचं? ठरवलं, दसऱ्याला नवी गाडी दारात हवी. आपट्याची पानं वाहायची आणि आईला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं.

इच्छेत काही चूक नव्हती. चूक झाली ती शोरूममध्ये पाऊल ठेवल्यापासून पाच मिनिटांत. सेल्समनने चहा मागवला, "दादा, कधी हवी गाडी?" असं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. दसरा, आई, दक्षिणेश्वर, सगळं. त्याच्या कागदावर त्याने एकच गोष्ट टिपून घेतली : २४ ऑक्टोबर. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी कशासाठीही घासाघीस करू शकलो नाही. माझी घाई त्याला ठाऊक होती आणि त्याला कसलीच घाई नव्हती.

हा अनुभव मी आज लिहितो आहे तो राग काढायला नाही. त्या शोरूमचं नाव मी लिहिणार नाही, कारण अशी शोरूम कुठल्याही गावात असू शकते. घर सोडून परराज्यात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनी तरी या चुका टाळाव्यात, एवढीच तळमळ आहे.

काय काय चुकलं

गाडीची शोरूम किंमत नऊ लाख बेचाळीस हजार. सेल्समनने ऑन-रोड किमतीचा एकच आकडा सांगितला. त्याचे तुकडे मी मागितलेच नाहीत. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर ठरलेलं असायचं : "होये जाबे, दादा." होऊन जाईल. सूट? होये जाबे. नवीन स्टॉक? होये जाबे. दसऱ्याला नंबर? तेही होये जाबे.

चतुर्थीला, म्हणजे १८ ऑक्टोबरला, मी पूर्ण पैसे भरले. "आज भरले तरच जमेल" असं सांगितलं होतं. जी गोष्ट कोलकात्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते ती मला सुचली नाही. दुर्गापूजेच्या दिवसांत इथली राज्य सरकारची कार्यालयं बंद असतात, ती थेट लक्ष्मीपूजेनंतर उघडतात. आणि नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या हाती द्यायची नाही, असा कायदा आहे. आपल्याकडे दसऱ्याला शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. बंगालमध्ये विजयादशमी हा देवीला निरोप देण्याचा दिवस. गाड्यांची आणि यंत्रांची पूजा इथे सप्टेंबरच्या मध्यावर, विश्वकर्मा पूजेला होते. सेल्समनला हे सगळं माहीत होतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

दसऱ्याला आईला भाड्याच्या गाडीतून दक्षिणेश्वरला नेलं. ती काही बोलली नाही. मला मात्र दिवसभर तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. माझी गाडी ३ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठला आली. ५ तारखेला कर्जाचा पहिला हप्ता कापला गेला. आई त्याआधीच साताऱ्याला परतली होती.

रात्रीच्या दिव्यांत गाडी झगमगत होती. सकाळी उन्हात पाहिली तर डाव्या मागच्या दाराचा रंग बाकीच्या अंगापेक्षा किंचित वेगळा. आठवड्याने आरसी हाती आली, त्यावर उत्पादनाचा महिना होता डिसेंबर २०२२. मी नवी म्हणून घेतलेली गाडी जवळजवळ अकरा महिने कुठल्या तरी यार्डात उभी होती. उद्या विकायला काढली की ती २०२२ ची गाडी म्हणूनच मोजली जाणार. जुन्या वर्षाच्या स्टॉकवर वेगळी, मोठी सूट मिळू शकते. मी ती मागितलीच नाही, कारण गाडी जुन्या वर्षाची आहे हेच मला माहीत नव्हतं.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात, इथल्या एका ज्यूट मिलमध्ये हिशेबनीस होते. मी त्यांना मेशोमोशाय म्हणतो. त्यांनी माझी सगळी बिलं टेबलावर मांडली, चष्मा पुसला आणि पेन्सिलीने बेरीज केली. विम्याचे चोपन्न हजार घेतले होते. तेवढ्याच संरक्षणाचा विमा बाहेर अडतीस हजारांत मिळत होता, आणि बदलीआधी पनवेलला विकलेल्या जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस लावला असता तर तीस हजारांच्या आसपास. म्हणजे चोवीस हजार गेले. न मागितलेल्या ॲक्सेसरीजचे सव्वीस हजार. 'हँडलिंग' नावाचे साडेआठ हजार. शोरूमने लावून दिलेलं सात लाखांचं कर्ज ९.६ टक्क्यांनी, माझीच बँक ८.८ टक्क्यांनी द्यायला तयार होती. पाच वर्षांच्या मुदतीत हप्त्याला सुमारे दोनशे सत्तर रुपयांचा फरक, एकूण सोळा हजार. बेरीज साडेचौऱ्याहत्तर हजार.

मेशोमोशायनी एवढंच विचारलं, "ते 'होये जाबे' म्हणाले तेव्हा तुम्ही 'लिखे दिन' का नाही म्हणालात?" लिहून द्या. चाळीस वर्षं त्यांनी मिलमध्ये याच दोन शब्दांवर काढली होती. पुढचं सगळं मी त्या दोन शब्दांपासून शिकलो.

शोरूम निवडताना

एका शोरूमवर अडकू नका. एकाच मॉडेलचा, एकाच व्हेरियंटचा आणि रंगाचा भाव किमान तीन ठिकाणांहून लेखी मागवा. बजबजच्या माणसाने महेशतळा, तारातळा, डायमंड हार्बर रोड आणि बायपासपर्यंत जायला कंटाळू नये. वॉरंटी कंपनीची असते, ती कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चालते. म्हणून गाडी लांबून घेतली तरी सर्व्हिसिंग जवळ करता येतं. शोरूमइतकंच तिचं सर्व्हिस सेंटर बघा. शनिवारी सकाळी तिथे तासभर बसा. गाडी सोडायला आणि घ्यायला आलेल्या लोकांशी बोला. विक्रीच्या काउंटरवर जे कळत नाही ते तिथे कळतं.

ऑन-रोड किंमत एका आकड्यात घेऊ नका. शोरूम किंमत, रस्ता कर आणि नोंदणी, विमा, फास्टॅग, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि सूट, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ज्या ओळीचं सरकारी पावतीशी किंवा तुमच्या मागणीशी नातं नाही, ती काढायला सांगा. 'हँडलिंग' ही तशी ओळ. शोरूम किंमत दहा लाखांवर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल केला जाणारा प्राप्तिकर, लागतो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणात वळता करून घेता येतो. दरपत्रकाची तारीखही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, आधी तो अठ्ठावीस टक्के आणि वर उपकर असा होता. त्याआधीचा छापील कागद कुणी पुढे केला तर तो निरर्थक आहे.

सूट दोन ठिकाणांहून येते : काही कंपनीची, काही विक्रेत्याच्या स्वतःच्या नफ्यातली. रोख सूट, जुनी गाडी बदलल्याचा बोनस आणि नोकरीच्या संस्थेमुळे मिळणारी कॉर्पोरेट सूट वेगवेगळी विचारा. ओळखपत्र दाखवल्यावर मिळणारी सूट कुणी आपणहून सांगेलच असं नाही. महिनाअखेर आणि तिमाहीची अखेर या दिवसांत शोरूमला आपला आकडा पुरा करायचा असतो, तेव्हा बोलणी करा. तुमची निकड मात्र सांगू नका. मुहूर्त बघायचाच असेल तर मनात ठेवा, आणि त्याआधी महिनाभर कामाला लागा.

विमा आणि कर्ज

विमा शोरूमकडूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती कुणीही करू शकत नाही. नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि जोडलेल्या संरक्षणांत. म्हणून तुलना करताना गाडीची विमा रक्कम आणि जोडण्या दोन्हीकडे सारख्याच आहेत ना, हे पडताळा. रक्कम कमी धरून हप्ता स्वस्त दाखवता येतो.

जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो, नुकसानीच्या हप्त्याला लागू होतो आणि तीन वर्षांपर्यंत वापरता येतो. मी पनवेलला जुनी गाडी विकली तेव्हा हे पत्र घेतलं नाही. कर्जाचंही तसंच. शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपल्या बँकेकडून व्याजाचा दर लेखी आणा. तो खिशात असला की समोरचा दर आपोआप खाली येतो.

बदलीच्या नोकरीत असाल तर

मी गाडी घेतली तेव्हा बंगालमध्ये रस्ता कर पाच वर्षांचा किंवा आयुष्यभराचा भरता यायचा. शोरूमने माझा आयुष्यभराचा भरून टाकला, आणि माझी बदली कधीही होऊ शकते. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्रात गेलो की तिथला कर वेगळा भरायचा. केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' ही वाहन-नोंदणीची मालिका आहे. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. बुकिंगच्या आधीच परिवहन कार्यालयात जाऊन, तुमची नोंदणी त्या मालिकेत होईल का, याची खात्री करून घ्या. पैसे भरल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

बुकिंग आणि ताबा

बुकिंगची रक्कम कमीत कमी द्या, शोरूमच्या खात्यातच भरा, सेल्समनच्या खात्यात कधीही नको. पावतीवर व्हेरियंट, रंग, उत्पादनाचं वर्ष, ठरलेली किंमत, ताब्याची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट लिहून घ्या. उरलेली रक्कम भरण्याआधी तुम्हाला मिळणारी नेमकी गाडी बघायला मागा. चॅसिसवरचा सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक टिपून घ्या, तोच क्रमांक बिलावर आणि फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या रस्तायोग्यतेच्या प्रमाणपत्रावर, आहे का ते जुळवा.

गाडी दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत तपासा. रंग उन्हात कोनातून बघा, दारांच्या फटी सारख्या आहेत का पाहा. टायरवरचा चार आकडी कोड आठवडा आणि वर्ष सांगतो. मीटरवर किती किलोमीटर आहेत ते बघा. आणि आमच्या भागासाठी खास सांगतो : पावसाळ्यानंतर घेत असाल तर पायाखालचा गालिचा उचला, सीटचे रूळ चाचपा. यार्डात पाणी साचलं असेल तर चिखलाची रेघ आणि गंज तिथेच राहतो. काही खटकलं तर सही करू नका. सही करण्याआधीचा ग्राहक आणि नंतरचा ग्राहक यांच्या शब्दाला सारखं वजन नसतं.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. भरलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येईल, लेखी काय आहे?

२०२५ च्या दिवाळीआधी डेपोतल्या एका नागपूरकर सहकाऱ्याला गाडी घ्यायची होती. तो दिवाळीचा पाडवा म्हणत होता. मी त्याला मेशोमोशायकडे नेलं. तीन शोरूमचे लेखी भाव, बँकेचा दर, जुन्या विम्याचं पत्र, सगळ्याची फाइल झाली. पाडवा निघून गेला, गाडीत काहीच कमी झालं नाही. दर वेळी "होये जाबे" ऐकलं की तो नम्रपणे म्हणायचा, "लिखे दिन, दादा." पहिल्यांदा सेल्समन हसला, मग लिहून देऊ लागला.

त्याची गाडी एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता मिळाली. कुठलाही सण नव्हता. आम्ही तिघांनी ती गेटाबाहेर उन्हात काढून घेतली आणि अर्धा तास चारही बाजूंनी पाहिली. मग मेशोमोशायनी त्याला फॉर्म २२ वर बोट ठेवून महिना दाखवला : ऑक्टोबर २०२५. त्यानंतरच त्याने सही केली आणि आईला नागपूरला फोन लावला.