समासातलं आधी लिही

चि. नीतूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पोचली. कॉलेजला लावलेल्या तिन्ही कादंबऱ्यांवर तू लिहिलंस आणि ते मला दाखवावंसं वाटलं, याचा फार आनंद झाला. वहीत मला दोन नीतू भेटल्या. एक म्हणते, 'लेखकाची शैली ओघवती असून व्यक्तिचित्रणे प्रभावी आहेत.' ही गाइडमधून आलेली. दुसरीनं समासात पेन्सिलीनं खरडलंय, 'यात काहीच घडत नाही!' मला बोलायचंय ते या दुसरीशी.

'बनगरवाडी'बद्दल तुला तसं वाटलं असेल तर ते खोडू नकोस. फक्त तिथे थांबू नकोस. पुस्तक पुन्हा उघड आणि खरंच काय काय घडतं ते बघ. औंध संस्थानातलं, माणदेशातलं धनगरांचं गाव. तिथे एक कोवळा मास्तर येतो. पोरं मेंढरांमागे, शाळेत कुणी नाही. कारभाऱ्याच्या आधारानं शाळा भरू लागते, लोक आपल्या अडचणी मास्तरकडे आणू लागतात, गावात तालीम उभी राहते. मग दुष्काळ पडतो, माणसं गाव सोडतात, शाळा ओस पडते. आता शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः जू खांद्यावर घेते, ते पान काढ. असा प्रसंग येणार असला की लेखकानं आपल्याला आधी सावध करावं, नंतर थोडं हळहळावं, अशी आपल्याला सवय असते. माडगूळकर यातलं काही करत नाहीत. पेरणीची वेळ निघून चाललीय, बैल नाही, म्हणून ती जुवाखाली उभी राहते. त्या गावाला हे जितकं साधं वाटतं, तितक्याच साधेपणानं ते सांगतात. तू भरभर वाचत गेलीस आणि ते पान निसटलं. 'काही घडत नाही' हे तुझं वाक्य तुला थेट या सांगण्याच्या रीतीपाशी आणून सोडतं. उत्तर लिहिताना हाच प्रवास लिही : आधी असं वाटलं, मग या पानापाशी आले, आणि तसं का वाटलं ते कळलं. 'प्रभावी' हा शब्द मग लागणारच नाही.

'पण लक्षात कोण घेतो'ला तू 'फार लांबण' म्हटलंयस. इथे थोडी माहिती कामाला येते. हरिभाऊंनी ही कादंबरी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः छापली. तू सुट्टीत एका दमात वाचलंस, ते त्या वाचकांनी वर्षानुवर्षं थोडं थोडं वाचलं. मधेच १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा झालं, आणि त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ उठला होता. त्याच दिवसांत एक पुरुष लेखक आपल्या नायिकेला, यमूला, तिची स्वतःची कहाणी तिच्याच तोंडून सांगू देत होता. ते अंक ज्या घरांत येत, तिथल्या माजघरापर्यंत यमूचा आवाज पोचत असेल का? मला हा प्रश्न 'लांबण'पेक्षा फार मोठा वाटतो, आणि तो तुला सुचावा असं मनापासून वाटतं. सनावळ्या मात्र भरताड म्हणून घालू नकोस. तुझ्या प्रश्नाला उत्तर देईल तेवढंच साल लिही.

'कोसला'तल्या पांडुरंगाचा तुला राग आला. येऊ दे. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हापासून तो पुष्कळांना आलाय. पण पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूबद्दल वहीत एक ओळही नाही. तू तो भाग वाचला नाहीस असं मला वाटत नाही. बहुधा लिहवलं नसेल. तसं असेल तर तेच सगळ्यांत आधी लिहायला हवं. तो भाग आणि त्याच्या अलीकडची टवाळीची पानं एका बैठकीत पुन्हा वाच. पांडुरंगाची भाषा कुठे बदलते तिथे पेन्सिलीनं खूण कर, आणि ज्या माणसावर तू इतकी चिडली होतीस त्याच्याबद्दल त्या खुणेनंतर काय वाटलं, ते एका पानात लिहून पाठव. गाइड तोवर तुझ्या आईच्या कपाटात ठेव. परीक्षेला अजून अवकाश आहे.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या