जसं घर आहे, तसंच लिहून घे

भाचेबुवा, वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, मांडववाला आपला मांडव घेऊन गेला. आता घराच्या विम्याचं बघ. त्या दिवशी विषय काढला तर तू म्हणालास, "मामा, बँकेनं केलाय की." हे उत्तर मी निपाणीत घरोघरी ऐकतो, म्हणून आधी तिथूनच सुरुवात.

बँकेनं नेमका कोणता विमा केलाय, तो कागद काढून वाच. कर्ज देताना सह्यांच्या गठ्ठ्यात बहुतेकदा एक कागद कर्जदाराच्या जिवाचा असतो. तुझं बरंवाईट झालं तर कर्ज फिटावं, एवढाच त्याचा उपयोग. घर जळालं आणि तू धडधाकट बाहेर आलास, तर त्या कागदातून दमडी मिळत नाही. दुसरा कागद खरोखर घराचा असतो, पण तो पुष्कळदा कर्जाच्या रकमेपुरताच काढलेला. घर बांधायला ३० लाख लागले, कर्ज १२ लाख आणि विमाही १२ लाखांचा, म्हणजे बँकेची काळजी मिटली, तुझी तशीच राहिली. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यामुळे भरपाईतून आधी तिचं देणं वळतं होतं. आणि कर्ज फिटल्यावर त्या विम्याचं नूतनीकरण करायचं कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

आपल्याकडे विमा म्हटलं की लोक एलआयसीच्या एजंटला फोन लावतात. एलआयसी जिवाचा विमा उतरवते, घराचा नाही. घरासाठी सर्वसाधारण विमा कंपनी लागते. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी, बाकी खासगी. कंपनीची निवड करताना फार डोकं शिणवू नकोस, कारण मूळ पॉलिसी सगळीकडे सारखीच आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच मसुद्याची पॉलिसी सगळ्या कंपन्यांना सक्तीची केली. नाव सांगून तीच माग. दोन-तीन ठिकाणी हप्ता विचार, आणि आपल्या भागात नुकसान झाल्यावर कुणाचा माणूस लवकर आला हे शेजारीपाजारी विचार. हप्त्यातल्या शे-दोनशेच्या फरकापेक्षा मी दुसऱ्या चौकशीला जास्त मानतो.

आता रकमेचं. बाजारपेठेत जागेला भाव आहे, म्हणून तुझ्या घराची किंमत ८० लाख असं लोक सांगतील. ते विकताना कामाचं. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा उतरतो तो बांधकामाचा. हिशेब सरळ आहे: घराचं चटईक्षेत्र गुणिले आज तसंच घर पुन्हा बांधायला लागणारा दर. समजा १,००० चौरस फूट आणि दर २,००० रुपये, तर २० लाख. दर आजचा धर, घर बांधलं तेव्हाचा नव्हे. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, छपरावरचं सोलर, मागची खोली हे सगळं घरातच मोडतं, पण सांगितलं तर. गोठ्याचं बांधकाम लिहून घेता येईल. गोठ्यातल्या म्हशींचा विमा मात्र वेगळा.

घरातल्या सामानासाठी या पॉलिसीत बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के आपोआप धरले जातात, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे २० लाखांच्या घरामागे ४ लाखांचं सामान. फ्रीज, कपाटं, भांडी, पलंग, टीव्ही यांना बऱ्याच घरांत ते पुरतं. तुझ्या बायकोचे दागिने त्यात नाहीत. त्यांची किंमत आधी ठरवून, यादी देऊन, जादा हप्ता भरून ते घ्यावे लागतात. साधी घरफोडीही मूळ पॉलिसीत नाही. आग, पूर असं काही घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी धरतात. तुम्ही दोघं नोकरीवर आणि घर दिवसभर बंद, तेव्हा घरफोडीचा जादा विमा घेच.

एक जुनी भीती आहे, तिचं सांगतो. पूर्वी २० लाखांचं घर १० लाखांना उतरवलं आणि ४ लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी म्हणायची, निम्माच विमा होता, निम्मेच घ्या, २ लाख. गृह रक्षामध्ये ही कात्री काढून टाकली आहे. उतरवलेल्या रकमेच्या आत जे नुकसान बसेल ते पूर्ण मिळतं. त्यामुळे काही शहाणे मुद्दाम कमी क्षेत्रफळ लिहितात. त्यांचं घर पूर्ण पडलं की मग कळतं, कारण तेव्हा मिळतं ते लिहिलेल्या रकमेइतकंच.

आता आपल्या गावाचं खास. पुस्तकात हे सापडणार नाही.

पहिली नदी. निपाणी शहर उंचावर आहे, म्हणून शहरातले लोक पुराची चेष्टा करतात. वेदगंगेवर वर पाटगाव धरण, दूधगंगेवर काळम्मावाडी; सह्याद्रीत आठ दिवस झड लागली आणि वरून पाणी सोडलं की जत्राट, भिवशी, सिदनाळ, अकोळ, हुन्नरगी, कुन्नूर ही गावं फोन करून एकमेकांची चौकशी करू लागतात. खाली भोजला दोन्ही नद्या एकत्र येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. २०१९ ला कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख आणि तातडीची मदत म्हणून १०,००० रुपये जाहीर केले. मदत आली, नाही म्हणता येणार नाही. पण तुझं घर पूर्ण पडलं की अर्धं, हे दुसऱ्याने ठरवायचं आणि पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. त्यावर घर बांधायला काढलेल्यांना विचार, पायापर्यंत पैसा पुरतो की स्लॅबपर्यंत.

गृह रक्षामध्ये पूर आहे, वादळ आहे, वीज, भूकंप, दरड, स्फोट, दंगल हेही आहे. वळवात पत्रे उडाले तर तेही वादळात येतं. पण महिनाभर रिपरिप लागून मातीची भिंत मुरत गेली आणि श्रावणात बसली, तर कंपनी म्हणणार, हा पूर नव्हे, ही झीज. आणि वाद घालून तिथं फारसं हाती लागत नाही. म्हणून जुन्या घराची भिंत विम्याच्या भरवशावर सोडायची नाही; उन्हाळ्यात कौलं शाकारून, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढून द्यायचं. तुझ्या नव्या घराला पहिल्या वर्षी बारीक तडे जातील, त्याचेही पैसे मिळत नाहीत. आणि विजेचं: आभाळातली वीज थेट घरावर पडून नुकसान झालं तर मिळतं. आतल्या शॉर्टसर्किटने फ्रीजच जळला तर तो फ्रीज मिळत नाही, पण त्यातून आग लागून स्वयंपाकघर गेलं तर स्वयंपाकघर मिळतं.

दुसरी तंबाखू. इथं माडीवर तंबाखूची बोदं रचून ठेवलेली घरं अजून आहेत. घराच्या पॉलिसीवर व्यापाराचा माल चालत नाही, मग ती तंबाखू असो, गूळ असो की दुकानाची साखर. मालाची वेगळी पॉलिसी असते. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. तिथं मघाची कात्री अजून चालते, फक्त १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते, तेव्हा मालाची रक्कम नीट लाव. त्याहून वाईट म्हणजे तंबाखू ठेवून "फक्त राहतं घर" असं लिहून देणं. आग लागल्यावर पंचनाम्यात जळकी तंबाखू सापडणारच, आणि मग मालाचं राहू दे, घराच्या दाव्यावरही बोट ठेवायला कंपनीला जागा मिळते. बिडी वळणाऱ्या बायकांच्या घरात कारखान्याची पानं आणि तंबाखू असते. ती त्यांच्या मालकीची नाही, म्हणून त्यांच्या सामानात धरत नाहीत. तुझ्या शेजारच्या मावशींना हे जरूर सांग.

तिसरा वाडा. आपल्या थोरल्या घराचा उतारा अजून पणजोबांच्या नावावर आहे, हिस्से तोंडी आहेत आणि भिंत सामाईक. विमा त्यालाच मिळतो ज्याचा त्या घरात हितसंबंध कागदावर दिसतो. वारस नोंद केली नसेल तर दावा मंजूर झाल्यावरही चेक कुणाच्या नावे काढायचा यावर अडतो, आणि मग पुण्याची चुलत भावंडं आठवू लागतात. नगरपालिकेच्या नाहीतर पंचायतीच्या दप्तरात नाव लावून घेण्याचं काम विम्याच्या आधी उरकायचं. तुझं घर तुझ्या एकट्याच्या नावावर आहे, पण पुढे बायकोला सहमालक केलंस तर पॉलिसीवर दोन्ही नावं हवीत.

पुढे कधी वरचा मजला भाड्याने दिलास, खाली दुकान काढलंस, किंवा घराला कुलूप लावून मुलाकडे सहा महिने राहायला गेलास, तर कंपनीला लेखी कळव. फोनवर सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

मुदत दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते. मी तीच घे म्हणेन, कारण दरवर्षीच्या नूतनीकरणाची तारीख चुकते ती नेमकी पावसाळ्यात चुकते. बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्के आपोआप वाढत जाते, त्याला जादा हप्ता नाही. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. २०२५ ला जिवाच्या आणि आरोग्याच्या वैयक्तिक विम्यावरचा कर गेला, घराच्या विम्यावरचा नाही.

नुकसान झालंच तर पहिल्या दिवशी काय करायचं ते आजच ऐकून ठेव. आधी माणसं आणि गॅसचं सिलिंडर बाहेर. मग कंपनीला फोन, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. चिखल काढायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेलं सामान भंगारवाल्याला द्यायचं नाही. आग असेल तर अग्निशामक दलाचा आणि पोलिसांचा कागद, पूर असेल तर तलाठ्याचा पंचनामा. आपल्याकडे पंचनामा कन्नडमध्ये, पॉलिसी इंग्रजीत आणि भांडण मराठीत, तेव्हा पंचनाम्यावर सही करण्याआधी कन्नड वाचणारा कुणीतरी शेजारी उभा कर आणि "पूर्ण पडले" की "अंशतः" एवढं तरी समजून घे. राडारोडा उचलायला दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत पॉलिसीत सोय आहे. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचीही आहे. हे न मागता कुणी देत नाही. दाव्यात लिही.

पॉलिसी, उतारा, बिलं, दागिन्यांची यादी यांचे फोटो घराबाहेर हवेत. कपाटात ठेवलेली पॉलिसी पुरात कपाटासकट भिजते. ईमेलवर ठेव आणि एक प्रत कोल्हापूरच्या ताईकडे दे.

कंपनीने दावा नाकारला किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर आधी तिच्या तक्रार विभागाला लेखी, मग नियामकाच्या 'बीमा भरोसा'कडे, फोन १५५२५५. त्याच्या वर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. इथं राज्याची सीमा आडवी येते: पलीकडे महाराष्ट्रात कागलच्या माणसाचा लोकपाल पुण्याला, आपला कर्नाटकातला बंगळूरला. नात्यातले लोक पुण्याचा पत्ता देतील, तिकडे अर्ज पाठवून वेळ घालवू नकोस.

पाणी दारात आल्यावर कुणी विमा देत नाही, दिला तरी त्या पुराचं नुकसान त्यात बसत नाही. तेव्हा वळीव सुरू व्हायच्या आत टेप घेऊन सगळ्या खोल्या मोज, मिस्त्रीला आजचा दर विचार, आणि दोन्ही आकडे मला फोनवर सांग.