बांबूकामाचीं हत्यारें : तयार संच कीं निवडक नग ?

भंडारा जिल्हा हा मुख्यतः भाताचा. धान खळ्यावरून घरीं आलें म्हणजे ज्या शेतकऱ्यास उन्हाळी पिकापुरतें तलावाचें पाणी मिळत नाहीं, त्याच्या हातास पुढील पावसापर्यंत फारसें काम उरत नाहीं. अशा वेळीं बांधावरचा बांबू कामीं आणावा, हा विचार योग्यच आहे. २०१७ सालच्या दुरुस्तीनें वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू भारतीय वन कायद्यांतील 'वृक्ष' या व्याख्येंतून वगळला गेला. तेव्हांपासून स्वतःच्या शेतांतील बांबू तोडण्याची अडचणहि पुष्कळ कमी झाली आहे. परंतु धान विकून आलेला पैसा कोणत्या हत्यारांत घालावा, येथें मात्र पुष्कळजण फसतात.

बाजारांत बारा-पंधरा हत्यारांचा तयार संच एका पेटींत मिळतो. पेटी पाहून मन भरतें. आम्हींहि पूर्वीं असा एक संच घेतला होता. त्यांतील कोयत्याची धार चौथ्या बांबूवरच वळली, आणि निम्मीं हत्यारें टोपलीच्या कामाचींच नव्हतीं. तीं अद्याप पेटींतच पडून आहेत.

याचें कारण बांबूच्या सालींत आहे. तींत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, असतें व तें पात्यास सतत घासतें. मऊ लोखंड तेथें टिकत नाहीं. टोपली, सूप, चटई एवढ्या कामास प्रारंभीं चार नग पुरतात : बारीक दात्यांची करवत, बांबू फोडण्यास जड कोयता, कामट्या सोलण्यास पातळ सुरी आणि धारेसाठीं निसणा. पैकीं सुरीवर हात आंखडूं नये. दिवसभर हातांत तीच असते.

गांवच्या लोहाराकडून मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्याची सुरी घडवून घ्यावी. तें लोखंड पोलादी असतें. मात्र पाणी चढविणें नीट साधलें आहे कीं नाहीं, हें पाहावें. कानशीची कड धारेजवळ हलकेच फिरवावी. ती सहज रुतली तर पातें मऊ समजावें. कांचेवरून घसरावी तशी घसरली तर पातें फाजील कठीण, व बांबूच्या पेरावर त्याचा टवका उडण्याची भीति. अडखळत किंचित् रुतली म्हणजे ठीक.

१७ सप्टेंबर २०२३ रोजीं सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंतील अठरा धंद्यांत टोपली, चटई व झाडू करणारांचा समावेश करण्यांत आला, आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंतचें साहाय्य ई-व्हाउचरच्या रूपानें ठरविण्यांत आलें. आमच्या बुरड बंधूंनीं असा संच मिळाल्यास तो नाकारावा, असें आमचें म्हणणें नाहीं. शिकवणीच्या वर्गांत सर्वांच्या हातीं सारखींच हत्यारें असणें सोयीचेंहि असतें. पण मिळालेलें प्रत्येक पातें वरील रीतीनें तपासावें व जें उतरेल तेंच कामास लावावें. ज्यास पदरचा पैसा घालावयाचा आहे, त्यानें आधीं एखाद्या जाणत्या बुरडाजवळ आठ दिवस बसावें. कोणतें हत्यार त्याच्या हातांत वारंवार येतें, तें आपोआप कळतें.

कापणीच्या तोंडावर लोहाराकडे विळ्यांची गर्दी असते, म्हणून कोयता व सुरी भाद्रपदांतच सांगून ठेवावी. बांबू मात्र पावसाळ्यांत तोडूं नये; त्यास कीड लवकर लागते. थंडींत, तीन वर्षांहून जुना झालेला तेवढाच काढावा, व ओला असतांनाच फोडावा.