भिंतीची ओल : आधी कारण, मग रंग



२०२१ च्या श्रावणातली गोष्ट आहे. दिवेआगरजवळच्या एका कातकरी वाडीत मी गेलो होतो. एका आजींना नातवाचा जातीचा दाखला हवा होता, कारण आश्रमशाळेत प्रवेश घ्यायचा होता. त्यांनी भिंतीलगत जमिनीवर ठेवलेली पत्र्याची ट्रंक पुढे ओढली. झाकण उघडताच कुबट वास आला. कपड्यांवर काळे ठिपके पडले होते. दाखला रेशनकार्डाला चिकटला होता. मी जपून सोडवू लागलो, पण शिक्क्याचा अर्धा भाग कार्डावरच राहिला. नवा दाखला काढायचा म्हणजे तालुक्याच्या खेपा आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडालेली.

मला अधिक लागले ते वेगळ्याच कारणाने. ते घर आम्हीच दुरुस्त केले होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यात घरांची कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर तुमच्या देणगीतून आम्ही या घरावर पत्रे चढवले. ओल दिसत होती म्हणून आतून सिमेंटचा गिलावा केला आणि वर तेलरंग लावला. इमारतीच्या कामात माझी चाळीस वर्षे गेली आहेत. सल्ला माझाच होता. आता त्या रंगाला फुगे आले होते. पूर्वी गुडघ्यापर्यंत असलेली ओल छातीपर्यंत चढली होती.

आजी म्हणाल्या, "भाऊ, पाणी खालून येतंय. तुम्ही वर रंग लावलात."

एवढ्या साध्या गोष्टीचा मी आधी शोध घेतला नव्हता. म्हणून हा पाठ आधी मी शिकलो, आणि आता तुमच्यासमोर ठेवतो. आपल्यातले पुष्कळजण वाड्यांवर घरदुरुस्तीसाठी मदत पाठवतात. ती मदत भिंतीत मुरून जाऊ नये, इतकाच हेतू.

पाणी तीन वाटांनी येते

शहरात इमारतींना तळघरे असतात आणि त्यांत पाणी झिरपते. आपल्या किनाऱ्यावर तळघर क्वचितच. पण जोत्याखालची जमीन हेच आपले तळघर समजा. दिवेआगरला वाडीवाडीत विहीर आहे आणि पावसाळ्यात तिचे पाणी हाताला लागेल इतके वर येते. म्हणजे घराच्या पायाखालीही पाणी तितकेच जवळ आलेले असते.

पहिली वाट खालची. जांभा दगड सच्छिद्र असतो. दिव्याची वात जसे तेल ओढते, तसा तो जमिनीतले पाणी वर ओढतो. हे पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून वाळून जाते, तोपर्यंत ओल ठरावीक उंचीवरच थांबते. पण आपण सिमेंट आणि तेलरंगाने तो पृष्ठभाग बंद केला, तर वाळायला जागा न मिळाल्याने पाणी आणखी वर चढते. आजींच्या घरात हेच झाले. जुन्या कातकरी झोपडीच्या कुडाच्या भिंती कारवीच्या आणि शेणमातीने लिंपलेल्या असत. त्यांना दरवर्षी लिंपण करावे लागे, पण त्या ओल्या झाल्या तशा वाळतही.

दुसरी वाट वरची आणि बाजूची. फुटके कौल, पत्र्याच्या खिळ्याचे भोक, नैऋत्येकडून येणारी झड, आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे पागोळ्या. हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. छप्पर ३० चौरस मीटरचे असेल, तर सुमारे ९०,००० लिटर पाणी त्यावरून उतरते. पन्हळ नसेल आणि वळचण आखूड असेल, तर ते सगळे भिंतीच्या मुळाशी ओतले जाते.

तिसरी वाट आतली. चुलीवरच्या भाताची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, एका खोलीत झोपलेल्या सात माणसांचा श्वास. रात्री पत्रा गार झाला की ही वाफ त्याला घामासारखी लागते आणि थेंब खाली पडतात. लोक म्हणतात पत्रा गळतो. पत्रा कित्येकदा धड असतो.

यांत भर पडते मिठाची. आम्ही गिलाव्याला वापरलेली वाळू कुठून आली हे मी विचारले नव्हते. ती खारी होती. साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतः ओले होते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याहून दमट असते. म्हणून लोणा लागलेली भिंत गळती नसतानाही ओली राहते. खाऱ्या पाण्यात कालवलेल्या काँक्रीटमधले लोखंडही लवकर गंजते.

ओळखायचे कसे?

पवित्र शास्त्रात लेवीय १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर पडणाऱ्या डागांविषयी नियम आहेत. तिथे याजक घर लगेच पाडायला सांगत नाही, की लगेच लिंपायलाही सांगत नाही. आधी घर रिकामे करवतो, पाहतो, सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा येऊन पाहतो. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढणे, भिंत खरवडणे आणि नवा गिलावा करणे हे त्यानंतर. हा क्रम मी लहानपणापासून वाचत आलो होतो, पण कामावर गेल्यावर विसरलो.

आपणही पाहायचे ते असे. ओल जमिनीपासून सलग पट्ट्यासारखी वर आली असेल आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा असेल, तर पाणी खालून येते. ओल एका ठिकाणी डागासारखी असेल आणि पाऊस पडला की वाढत असेल, तर वरून किंवा बाजूने. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल आणि पहाटे जास्त ओले लागत असेल, तर आतली वाफ.

शंका राहिली तर हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. कागदाच्या मागे पाणी असेल तर ते भिंतीतून येते. खोलीच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतले आहे.

दुरुस्तीचा क्रम

पाणी भिंतीपासून दूर नेणे हे पहिले काम. त्याला खर्चही कमी. वळचण हातभर तरी बाहेर असावी. पन्हळ लावून पाणी लांब सोडावे. भिंतीला टेकून साचलेली माती, राख, लाकडे काढावीत. बाहेरची जमीन जोत्याच्या खाली आली पाहिजे. घराभोवती दोन-अडीच फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी आणि तिच्या कडेने चर काढावा.

त्यानंतर भिंत. ओलीच्या खुणेच्या वर फूटभर जागा धरून सिमेंटचा गिलावा पूर्ण काढावा. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर मीठ पुन्हा भिंतीत जाते. मग भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी. ही वाट पाहणे सगळ्यांना जड जाते, पण त्याला पर्याय नाही. शेवटी गोड्या पाण्यात कालवलेला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग द्यावा, म्हणजे उरलेली ओल बाहेर पडत राहते.

जमीन ओली असेल तर कोबा फोडून खाली दगडांचे सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद आणि वर काँक्रीट करावे. नवे घर बांधताना जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच ठेवावे आणि भिंत चढवण्यापूर्वी जोत्यावर ओलरोधक थर टाकावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून कातकऱ्यांसाठीही पक्की घरे मंजूर होतात. आपल्या कार्यकर्त्यांनी अशा घराचे जोते भरताना एकदा जाऊन उभे राहावे. तो थर तेव्हा राहिला, तर नंतर घालणे फार अवघड.

आतल्या वाफेसाठी चुलीवर धुराडे आणि समोरासमोर दोन झरोके हवेत. तांदूळ, अंथरुणे, ट्रंक फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याजवळ टांगावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तक काढले. ओल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप आणि दम्याचा त्रास अधिक होतो असे त्यात सांगितले आहे. आजींचा नातू त्या वर्षी पावसाळाभर खोकत होता.

वेळेची अडचण

भिंत वाळते ती दिवाळीपासून वैशाखापर्यंत. आणि नेमक्या याच दिवसांत कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर बाहेर गेलेली असतात. ती परततात पाऊस तोंडावर आल्यावर. आपली मदतही बहुधा तेव्हाच गोळा होते, कारण गळकी घरे तेव्हाच डोळ्यांसमोर येतात. मग घाईने गिलावा होतो, ओली भिंत रंगाखाली झाकली जाते आणि श्रावणात फुगे येतात.

आजींच्या मुलाने पुढच्या वर्षी भट्टीवर जाताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली. माघात आम्ही गिलावा काढला, चर खणला, पन्हळ लावली. भिंत तीन महिने उघडी राहिली. घर पूर्ण कोरडे झाले असे मी सांगणार नाही. त्या पावसाळ्यात ओल जमिनीपासून वीतभर होती, आणि नैऋत्येची भिंत अजूनही झडीने भिजते. पण ट्रंक फळीवर आहे आणि नवा दाखला कोरडा आहे.

म्हणून विनंती अशी. घरदुरुस्तीसाठी द्यायचे असेल तर दिवाळीपूर्वी द्या. आणि रंगासाठी देऊ नका. पन्हळ, चर आणि जोत्यासाठी द्या. फोटोत ते काम दिसणार नाही, पण घराला तेच लागते.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या मंदिराच्या किंवा घराच्या भिंतीवर ओल आहे का? ती तिन्हीपैकी कोणत्या वाटेने येते?
२. मदत देताना आपण त्या घरात राहणाऱ्यांना आधी विचारतो का?
३. या हिवाळ्यात आपल्यापैकी कोण दोन दिवस श्रमदानाला येऊ शकेल?