तपकिरी कडांचा अर्थ

प्रश्न : बाबांची उजवी किडनी गाठीसकट काढली. रिपोर्टमध्ये ‘क्लिअर सेल’ आणि खाली ‘सीए नाइन पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. पॉझिटिव्ह वाचूनच पोटात गोळा आला. अशा प्रथिनांवरून माणूस किती जगेल ते सांगता येतं म्हणे. खरं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : हा पॉझिटिव्ह करोनाच्या पॉझिटिव्हसारखा नाही. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढतात आणि त्यावर नेमक्या एका प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी सोडतात. प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग धरतो. सीए नाइन पेशीच्या आवरणावर असतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीची कड पेन्सिलीनं गिरवल्यासारखी दिसते. आत मात्र रिकामं. तिथली चरबी आणि ग्लायकोजेन काप तयार होताहोताच निघून गेलेलं असतं. ‘क्लिअर सेल’ हे नाव त्यावरून पडलं. किडनीच्या कॅन्सरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या जातीचे. म्हणजे तुमच्या रिपोर्टातला पॉझिटिव्ह बहुधा जात पटवण्यासाठी आहे, आयुष्य मोजण्यासाठी नव्हे.

हे प्रथिन तिथं येतं कसं, तेही मजेशीर आहे. या गाठींत बहुतेकदा व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. मग पेशीला ऑक्सिजन पुरेसा मिळत असूनही आपण गुदमरतोय असंच वाटत राहतं, आणि ती गुदमरताना लागणारी सगळी सामग्री बनवत सुटते. सीए नाइन त्यातलंच एक. पेशी ऑक्सिजन कसा ओळखते, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं.

आता भाकिताकडे येऊ. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या डॉक्टरांना दिसलं की आजार पसरलेल्या ज्या रुग्णांच्या गाठीत 85 टक्क्यांहून जास्त पेशी रंगल्या, ते जास्त जगले. जास्त रंग म्हणजे बरं, हे लक्षात घ्या. तुमची भीती नेमकी उलटी होती. पण 2007 मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकनं स्टेज, ग्रेड वगैरे आधी हिशेबात धरलं, तेव्हा सीए नाइननं वेगळं असं काही सांगितलं नाही. पोराचे मार्क हातात असताना त्याचं तोंड उतरलंय ही काही नवी बातमी नव्हे, तसंच.

बॅप-वन नावाचं प्रथिन गाठीतून नाहीसं झालं असेल, तर ती जास्त आक्रमक असते. ही खूण मला अधिक भरवशाची वाटते. पीडी-एल-वन या प्रथिनाची गोष्ट वेगळीच. ते जास्त असलेले रुग्ण कमी जगतात, असं मेयोनंच 2004 मध्ये दाखवलं होतं. पण हे प्रथिन ज्या साखळीतून काम करतं तिच्यावरच घाव घालणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाच्या चाचणीचे निकाल 2015 मध्ये आले, तेव्हा ज्यांच्या गाठीत पीडी-एल-वन दिसत नव्हतं त्यांनाही फायदा झाला. आजार कसा वागेल आणि औषध लागू पडेल का, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाच खुणेला दोन्ही विचारून चालत नाही.

शिवाय ही सगळी आकडेवारी शेकडो रुग्णांच्या घोळक्याची. त्यातून बाबांची तारीख निघत नाही.

रिपोर्टमध्ये स्टेज, ग्रेड आणि ‘नेक्रोसिस’, म्हणजे गाठीत मेलेल्या पेशींचे पट्टे आहेत का, एवढं डॉक्टरांकडून समजून घ्या. आजार दुसरीकडे पसरला असेल, तर 2009 पासून सहा गोष्टींचा हिशेब वापरात आहे : हिंडण्या-फिरण्याची ताकद, निदान ते औषधोपचार यातला काळ, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट. यातलं हिमोग्लोबिन तेवढं प्रथिन, आणि ते मोजायला कोपऱ्यावरची लॅब पुरते.