जुना संगणक व नवी प्रणाली

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीची सर्वसाधारण मोफत दुरुस्ती बंद केली. तेव्हांपासून आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील बागाईतदार मंडळी विचारतात कीं, घरचा संगणक आठ-दहा वर्षांचा आहे. त्यावर नवी प्रणाली घालावी, कीं आहे तेंच चालूं द्यावें? ह्याचा निर्णय केवळ संगणकाच्या वयावरून करूं नये. त्याच्याकडून घ्यावयाच्या कामावरून करावा, हें ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्राची कारभारीण होय. हिशेबाचें काम, छपाईयंत्र, मराठी कळफलक हीं सर्व तिच्या हुकमांत असतात. तिची दुरुस्ती बंद झाली म्हणून यंत्र थांबत नाहीं. परंतु कुंपणास नवें भगदाड पडल्यास तें बुजविणारा कोणी राहत नाहीं. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या उपद्रवानें अनेक देशांतील संगणकांचीं दप्तरें कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती मार्च महिन्यांतच निघाली होती. ज्यांनीं ती वेळेवर बसविली त्यांचे संगणक त्या भगदाडांतून होणाऱ्या हल्ल्यापासून वांचले.

आतां निर्णयाकरितां तीन प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न कामाचा. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या आश्रयानें कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांत संगणक-केंद्रें निघालीं. कांहीं वर्षांनीं पाहणी करितां असें आढळलें कीं, तेथें मुख्यतः उसाच्या नोंदीचें व खताच्या हिशेबाचें काम चालतें. तेव्हां २००७ च्या सुमारास कांहीं गांवांत तेंच काम साध्या मोबाईलच्या लघुसंदेशांवर करून पाहिलें व तें कमी खर्चांत निभावलें. आपणही तसेंच पाहावें. केवळ सातबारा व बाजारभाव पाहणें असेल तर तें काम मोबाईलवर होतें. त्यासाठीं जुन्या संगणकावर खर्च कां करावा? परंतु बँकेचा व्यवहार किंवा संस्थेचें दप्तर त्यावर असेल, तर दुरुस्ती बंद झालेल्या प्रणालीवर तो इंटरनेटला जोडून ठेवणें धोक्याचें आहे.

दुसरा प्रश्न यंत्राच्या कुवतीचा. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा व टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. इंटेलचा प्रोसेसर बहुतेक आठव्या पिढीचा वा पुढचा असावा लागतो. ४ जीबीवर ती चालते, पण रडतखडत. यंत्र पात्र आहे कीं नाहीं हें कंपनीच्या ‘पीसी हेल्थ चेक’ ह्या मोफत साधनानें कळतें. अपात्र यंत्रावर आडमार्गानें प्रणाली घालून देणारे भेटतात. त्यांच्या नादीं लागूं नये. अशा यंत्रास लिनक्स जातीची मोफत प्रणाली चालूं शकते. सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची अशी देशी प्रणाली तयार केली आहे. मात्र विंडोजवर चालणारें हिशेबाचें साधन, जुने मराठी फाँट व छपाईयंत्र तीवर चालतील कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें.

तिसरा प्रश्न दप्तराचा, व माझ्या मतें हाच सर्वांत मोठा. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सातबाऱ्याचें पुनर्लेखन अनेकदां केलें. नव्या पुस्तकाचा जुन्याशीं ताळा पडल्याशिवाय जुनें पुस्तक आम्हीं कधीं हातावेगळें केलें नाहीं. परंतु हाच नियम मीं स्वतःच्या घरीं मोडला. एका दुरुस्तीवाल्यास प्रणाली बदलण्यास सांगितलें आणि नक्कल घेतली आहे कीं नाहीं हें विचारलेंच नाहीं. तीन हंगामांच्या कांद्याच्या विक्रीचा व मजुरीचा हिशेब पुसला गेला. पुढें वांट्याच्या वेळीं भावापुढें दाखवावयास माझ्याजवळ एक कागद नव्हता. भावानें शब्दावर विश्वास ठेवला, हा त्याचा मोठेपणा. पण माझी मान खालीं गेली ती गेलीच.

याकरितां सर्व हिशेबांची नक्कल संगणकाबाहेरील दोन ठिकाणीं घ्यावी, त्यांतील एक घराबाहेर ठेवावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. हा बदल कांदाकाढणींत किंवा मार्चअखेरीस करूं नये; कामाची निकड नसेल असा आठवडा निवडावा.

सारांश, काम महत्त्वाचें व यंत्र पात्र असेल तर नवी प्रणाली घ्यावी. यंत्र अपात्र पण धड असेल तर लिनक्स पाहावें, किंवा इंटरनेट तोडून त्यावर केवळ हिशेब लिहावा. काम व यंत्र दोन्ही उरलीं नसतील तर दप्तर काढून घेऊन यंत्रास रजा द्यावी. यंत्र बाजारांत पुन्हां मिळतें. पुसलेला हिशेब कोठेंच मिळत नाहीं.